सात-बारावर आईचं नाव

परवा चौथीच्या वर्गात मी विचारलं, "तुमच्या शेतात खुरपणी, कापूसवेचणी कोण करतं?"

"आई!" सगळे एकदम ओरडले.

"आणि सात-बारावर नाव कुणाचं?"

वर्ग गप्प. मागून एक मुलगी हळूच म्हणाली, "बाबांचं, गुरुजी. आधी आजोबांचं होतं."

जमीन कुणाची, हे सांगणारा सरकारी कागद म्हणजे सात-बारा. त्यावर नाव नसेल, तर जन्मभर राबूनही बाईला शेतीसाठी स्वतःच्या नावावर कर्ज मिळणं कठीण.

१९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन भरलं. पुढं काही वर्षांनी शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 'लक्ष्मीमुक्ती' मोहीम काढली. ज्या गावात १०० शेतकरी आपल्या जमिनीचा वाटा बायकोच्या नावे करतील, ते 'लक्ष्मीमुक्ती गाव'! एकटा पुढं आला तर लोक हसतात. शंभर आले की तीच गावाची शान होते.

खरं सांगू? त्या रात्री मी माझा सात-बारा काढून पाहिला. माझ्या बायकोचं नाव त्यावर नव्हतं. उद्या अर्ज घेऊन तलाठ्याकडे चाललोय.

तुम्हीही आज घरी विचाराल ना?