सॉलोमन लिंडाचं नाव

'द वीव्हर्स' हा चौघांचा संच 1948च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये उभा राहिला. पीट सीगर, ली हेज, रॉनी गिल्बर्ट आणि फ्रेड हेलरमन यांच्याकडे बॅन्जो, गिटार आणि चार आवाज एवढंच भांडवल होतं. पण त्यावर त्यांनी मांडलेला पसारा आजही थक्क करतो. लेडबेलीचं 'गुडनाइट, आयरीन', वुडी गथ्रीची गाणी, हिब्रूतलं 'त्झेना', झुलू भाषेतलं 'विमोवे', हे सारं एकाच मैफलीत येई आणि परकं वाटत नसे. 1950मध्ये 'आयरीन' अमेरिकेत 13 आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. पुढे डाव्या विचारांच्या संशयावरून त्यांना काळ्या यादीत टाकलं गेलं, कामं बंद झाली, 1952मध्ये संच थांबला आणि 1955च्या नाताळच्या आदल्या दिवशी कार्नेगी हॉलमध्ये पुन्हा गायला. त्यांच्या धैर्याबद्दल मला नितांत आदर आहे. तरीही या प्रवासाचा मागोवा घेताना एक गोष्ट नोंदवायलाच हवी: दूरच्या मुलखातलं गाणं म्हणजे लोकगीत, आणि लोकगीताला कर्ता नसतो, हे गृहीतक या विविधतेच्या मुळाशी होतं, आणि ते चुकीचं होतं.

'विमोवे'चा इतिहास याचा सर्वांत ठळक पुरावा आहे. सॉलोमन लिंडा हा जोहान्सबर्गमध्ये राबणारा झुलू गायक. 1939मध्ये त्याच्या 'ईव्हनिंग बर्ड्‌स' या संचाने गॅलो कंपनीसाठी 'म्बुबे' ध्वनिमुद्रित केलं. तिसऱ्या मुद्रणाच्या शेवटाला लिंडाने उंच पट्टीत उत्स्फूर्तपणे जी सुरावट घेतली, तीच पुढे जगभर गुणगुणली गेली. दक्षिण आफ्रिकेत तबकडी तुफान खपली. गायनाची एक अख्खी शैलीच 'म्बुबे' नावाने ओळखली जाऊ लागली. लिंडाला मात्र हक्कांपोटी मिळाले ते काही शिलिंग. ही तबकडी लोकसंगीताचे संग्राहक ॲलन लोमॅक्स यांच्याकडून सीगरपर्यंत पोहोचली. तबकडीवर लिंडाचं नाव छापलेलं होतं. तरी त्यावरून वीव्हर्सने गायलेल्या 'विमोवे'वर कर्ता म्हणून 'पॉल कॅम्पबेल' हे नाव आलं, आणि ते संचाने स्वतःसाठी घेतलेलं टोपणनाव होतं. 'त्झेना'चंही तेच: ते 1941मध्ये इसाखार मिरोनने रचलेलं होतं आणि त्याचं कर्तृत्व अमेरिकेतल्या न्यायालयात सिद्ध व्हावं लागलं. 1961मध्ये 'विमोवे'वर इंग्रजी शब्द चढवून 'द टोकन्स'ने 'द लायन स्लीप्स टुनाइट' गायलं आणि ते पहिल्या क्रमांकावर गेलं. पुढच्याच वर्षी लिंडा मूत्रपिंडाच्या आजाराने, दारिद्र्यात वारला.

यावर पहिला आक्षेप असा, की गाणी तोंडातोंडी फिरतात, बदलतात. मग मालकी कसली? ओवी किंवा भलरीसारख्या गाण्यांबाबत हे मान्यच आहे. पण इथे स्टुडिओ माहीत, वर्ष माहीत आणि गायकही माहीत होता. दुसरा आक्षेप सीगरच्या सद्‌हेतूचा. तोही खरा आहे: लिंडाच गाण्याचा कर्ता आहे हे कळल्यावर त्याने 1000 डॉलरचा धनादेश पाठवला आणि पुढचं मानधनही लिंडाला जावं असं प्रकाशकाला सांगितलं. पण तसं होतंय की नाही, याचा पाठपुरावा झाला नाही, आणि धंद्याच्या व्यवस्थेत नुसत्या सांगण्याला किंमत नसते. ज्या कागदावर कर्त्याचं नाव नाही, त्याचे पैसे कर्त्याकडे जात नाहीत. तिसरा आक्षेप अधिक बोचरा: वीव्हर्स नसते, तर हे गाणं जगाला कळलं असतं का? कदाचित नसतं. पण प्रसिद्धी देणाऱ्याला त्या बदल्यात कर्तृत्व मिळत नाही. शिवाय नाव छापल्याने गाणं कमी गायलं गेलं नसतं. 'आयरीन' लेडबेलीच्या नावासह गायलं गेलंच होतं, आणि तरी ते लाखोंच्या ओठी बसलं.

दुरुस्तीला फार उशीर लागला. 2000मध्ये पत्रकार रियान मलान यांनी 'रोलिंग स्टोन' मासिकात ही हकीकत सविस्तर मांडली. डिस्नेच्या 'द लायन किंग' या चित्रपटामुळे तोवर हे गाणं नव्या पिढीच्या तोंडी रुळलं होतं. ब्रिटनच्या 1911च्या कॉपीराइट कायद्यात कर्त्याच्या मृत्यूनंतर 25 वर्षांनी हक्क वारसांकडे परत जाण्याची तरतूद होती. तिचा आधार घेऊन 2004मध्ये दक्षिण आफ्रिकेत डिस्नेविरुद्ध दावा दाखल झाला आणि फेब्रुवारी 2006मध्ये तडजोड झाली. लिंडाच्या मुलींना मानधन मिळालं आणि गाण्याचा सहकर्ता म्हणून सॉलोमन लिंडाचं नाव मान्य झालं, त्याच्या मृत्यूनंतर 43 वर्षांनी.