यमुनेपलीकडील विस्मृत रणक्षेत्र

दिल्लीहून यमुना ओलांडून आपण नोएडास गेलात, तर तेथील गोल्फच्या मैदानाच्या आवारात एक दगडी स्तंभ आपल्या दृष्टीस पडेल. इंग्रजांनी तो १९१६ साली उभारला. नोएडा हे नगर १९७६ मध्ये वसले. परंतु त्याच्या पावणेदोनशे वर्षे आधी, ११ सप्टेंबर १८०३ रोजी, याच परिसरात दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा पराभव झाला आणि दिल्ली मराठ्यांच्या हातून कायमची गेली. पानिपताच्या आठवणीने आजही आपल्या घरांतून हळहळ व्यक्त होते. पटपडगंजच्या या लढाईची मात्र फारशी कोणी विचारपूस करीत नाही.

ही दिल्ली मिळविली होती महादजी शिंद्यांनी. १७८८ मध्ये गुलाम कादिराने बादशहा शाह आलमचे डोळे काढले, तेव्हा त्या आंधळ्या वृद्धाला पुन्हा तख्तावर बसविले ते महादजींनीच. द बॉयन या परदेशी सेनानीकडून त्यांनी कवायती पलटणी उभ्या करवून घेतल्या होत्या. महादजी १७९४ मध्ये वारले. त्यांच्यामागे गादीवर आलेला दौलतराव वयाने कोवळा, आणि उत्तरेचा सारा कारभार जनरल पेराँ या फ्रेंच सरदाराच्या हाती! इकडे दक्षिणेत यशवंतराव होळकरांनी ऑक्टोबर १८०२ मध्ये पुण्याजवळ शिंदे-पेशव्यांचा मोड केला. दुसरे बाजीराव पळाले आणि वर्षअखेरीस वसईस इंग्रजांशी तह करून बसले. पुढील वर्षी शिंदे आणि भोसले इंग्रजांशी लढत असता होळकर दूर राहिले. १८०४ मध्ये ते स्वतः लढावयास निघाले, तेव्हा सोबतीला शिंदे नव्हते.

भाऊबंदकी हा केवळ आपल्याच मातीचा दोष आहे, असे मात्र वाचकांनी समजू नये. ज्या इंग्रजांनी आपणास जिंकले, त्यांच्या शेजारीच वेल्स नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तेथील राजा लेवेलिन याचे राजपद इंग्रजांनी १२६७ मध्ये तहाने मान्य केले. दहाच वर्षांनी पहिल्या एडवर्डने त्याच्यावर स्वारी केली, तेव्हा लेवेलिनचा सख्खा भाऊ डेव्हिड शत्रूच्या छावणीत होता. पुढे डेव्हिडला पश्चात्ताप झाला व १२८२ मध्ये तो इंग्रजांविरुद्ध उठला. पण त्याच वर्षी लेवेलिन मारला गेला आणि १२८३ मध्ये डेव्हिडला देहान्त शासन झाले. १३०१ मध्ये एडवर्डने वेल्सच्या युवराजपदाचा किताब आपल्याच मुलाला दिला. दरम्यान १२९८ मध्ये स्कॉटलंडवर चालून गेलेल्या एडवर्डच्या पायदळात वेल्सचेच लोक हजारोंनी होते. जिंकलेल्यांना हाताशी धरून नवे मुलूख जिंकण्याची विद्या इंग्रजांना अशी जुनीच अवगत होती.

नोएडाच्या भूमीवर हेच घडले. जनरल लेकच्या सैन्यात गोऱ्यांचे पायदळ एकाच पलटणीचे. बाकीचे बंगाल पायदळातील देशी शिपाई. समोर शिंद्यांच्या पलटणींतही बरेचसे अवध आणि दुआबातलेच. फरक होता तो सेनापतींचा. इंग्रजांनी जाहीरनामे काढून शिंद्यांच्या गोऱ्या अधिकाऱ्यांना फोडले होते. ४ सप्टेंबरला अलीगडचा बळकट किल्ला पडला, त्या वेळी हल्ल्याला वाट दाखविणारा अधिकारी शिंद्यांचीच चाकरी सोडून आलेला होता. पेराँने तर आपली प्रचंड संपत्ती सांभाळून इंग्रजांचा आश्रय घेतला. मागे उरला लुई बूर्कियाँ.

त्या दिवशी लेकची फौज पहाटेपासून चालून थकली होती. हिंडन नदीजवळ तंबू ठोकले जात होते, एवढ्यात मराठी फौज दिसली. ती उंचवट्यावर होती. दोन्ही बगलांना दलदल, पुढे तोफा, आणि त्या तोफा उंच गवताने झाकलेल्या. लेक केवळ घोडदळ घेऊन टेहळणीस गेला आणि त्या माऱ्यात सापडला. त्याच्या अंगाखालचा घोडाही पडला. पायदळ येईपर्यंत त्याने घोडेस्वारांना मागे घेण्यास प्रारंभ केला. शत्रू पळतो आहे असे वाटून शिंद्यांचे सैन्य आपली उत्तम जागा सोडून खाली धावले! तेवढ्यात घोडदळ बाजूला झाले व मागून आलेले पायदळ संगिनी रोखून समोर उभे राहिले. त्यानंतर पाठलाग थेट यमुनेपर्यंत गेला. कित्येक शिपाई पाण्यात बुडाले. ६८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या.

तीन दिवसांनी बूर्कियाँ शत्रूस शरण गेला. १६ सप्टेंबरला लेक शाह आलमच्या भेटीस लाल किल्ल्यात गेला, आणि बादशहाचा रक्षक बदलला.

पलटणी मात्र शरण गेल्या नाहीत. दिल्लीहून निसटलेले शिपाई दक्षिणेकडून आलेल्या शिंद्यांच्या पलटणींस मिळाले आणि १ नोव्हेंबर १८०३ रोजी अलवर प्रांतात लासवारी येथे पुन्हा उभे ठाकले. गोरे अधिकारी आता जवळजवळ उरलेच नव्हते. तेथे गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत. संगिनीने भोसकले जाईपर्यंत ते जागेवर होते. इतका बिकट प्रसंग आपल्यावर कधी आला नव्हता, असे खुद्द लेकनेच लिहून ठेवले आहे.