छंदोपयोगी विद्युत प्रकल्पांतील टर्मिनल पट्टीची निवड : एक विवेचन

प्रस्तावना :
पदवी अभ्यासक्रमातील प्रकल्पकार्य, विज्ञान प्रदर्शने आणि छंद म्हणून केली जाणारी विद्युत मांडणी यांमध्ये मोटर, रोहित्र, रिले इत्यादी घटकांच्या निवडीचा पुरेसा विचार केला जातो. तारा जेथे एकमेकींना जोडल्या जातात ती टर्मिनल पट्टी मात्र दुकानात जी मिळेल ती घेतली जाते. वस्तुतः सदोष जोड हे मांडणी तापण्याचे एक प्रमुख कारण होय. प्रस्तुत लेखात या पट्टीच्या निवडीचे निकष स्पष्ट केले आहेत.

जोडाचा रोध आणि उष्णता :
स्क्रूखाली दाबलेली तार व पितळी नळी यांचा प्रत्यक्ष संपर्क काही सूक्ष्म बिंदूंपुरताच असतो. दाब कमी झाल्यास किंवा पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर बसल्यास संपर्काचा रोध वाढतो. निर्माण होणारी उष्णता रोधाच्या व विद्युतधारेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. उदाहरणार्थ, १२० वॅटचे उपकरण २३० व्होल्टवर सुमारे ०.५२ अँपिअर धारा घेते, तर १२ व्होल्टवर तितक्याच शक्तीसाठी १० अँपिअर धारा लागते. जोडाचा रोध ०.०५ ओहम धरल्यास पहिल्या स्थितीत त्या जोडावर सुमारे ०.०१४ वॅट, तर दुसऱ्या स्थितीत ५ वॅट उष्णता निर्माण होते. म्हणून १२ व्होल्टच्या मांडणीत विजेचा धक्का बसण्याचा धोका अत्यल्प असला, तरी ती उष्णतेच्या दृष्टीने निर्धोक ठरत नाही. शिवाय सैल जोडामुळे परिपथातील धारा वाढत नसल्याने फ्यूज अथवा एमसीबी हा दोष ओळखू शकत नाही. म्हणजेच या ठिकाणी योग्य निवड व योग्य जोडणी हेच प्रमुख संरक्षण होय.

निवडीचे निकष :
१) धारा व विभवांतर : पट्टीवर नमूद केलेली दोन्ही मूल्ये पाहावीत. अपेक्षित धारेच्या किमान दीडपट क्षमतेची पट्टी घेणे हिताचे असते. केवळ अल्पदाबासाठी बनविलेली पट्टी २३० व्होल्टच्या परिपथात वापरू नये.

२) तारेची जाडी : पट्टीचे छिद्र तारेच्या छेदास अनुरूप असावे. मोठ्या छिद्रातील बारीक तार स्क्रूच्या बाजूला सरकते व पकड अपुरी राहते. जाड तार लहान छिद्रात बसविण्यासाठी तिचे काही पदर कापणे हा गंभीर दोष होय.

३) पकडीचा प्रकार : स्क्रूचे टोक थेट तारेवर टेकत असेल, तर बहुपदरी तारेचे पदर तुटतात. अशा तारेसाठी स्क्रूखाली दाबपट्टी असलेला प्रकार निवडावा किंवा तारेच्या टोकास फेरूल बसवावे. स्क्रूखाली थिंबल बसणाऱ्या, विभाजक भिंतींच्या पट्टीत योग्य मापाचे थिंबल वापरावे. पदर एकत्र राहावेत म्हणून टोकास सोल्डर लावण्याची पद्धत प्रचलित आहे. तथापि सोल्डर मऊ असल्याने सततच्या दाबाखाली हळूहळू चेपत जाते आणि जोड सैल होतो.

४) आवरणाचे द्रव्य : साधे पीव्हीसी उष्णतेने मऊ पडते. पॉलिअमाइड त्यापेक्षा अधिक तापमान सहन करते, तर बेकेलाइट तापले तरी वितळत नाही. हीटरसारख्या उष्णता देणाऱ्या घटकाजवळ पोर्सेलीनची पट्टी वापरणे इष्ट ठरते.

जोडणी व तपासणी :
पट्टी बंद पेटीत पक्की बसवावी आणि तारेवरील ताण जोडापर्यंत पोहोचू नये यासाठी पेटीच्या तोंडाशी तार आवळून घ्यावी. स्क्रूखाली तारेचे प्लास्टिक आवरण अडकू नये, तसेच उघडी तार छिद्राबाहेर राहू नये. पुरवठा पूर्णपणे खंडित करून प्रत्येक तार हलकेच ओढून पाहावी. काही दिवसांच्या वापरानंतर तांबे दाबाखाली बसते. त्यामुळे स्क्रू पुन्हा तपासणे आवश्यक असते.

निष्कर्ष :
टर्मिनल पट्टीची निवड ही किमतीची नव्हे, तर धारा, तारेची जाडी, पकड आणि द्रव्य यांच्या मेळाची बाब आहे. प्रकल्पास मान्यता देताना मार्गदर्शक प्राध्यापकांनी परिपथाच्या आकृतीबरोबरच प्रत्यक्ष जोडांचीही तपासणी केल्यास प्रयोगशाळेतील एक टाळता येण्याजोगा धोका दूर होईल. ओहमच्या नियमाचा व्यवहारातील अर्थही त्यातून विद्यार्थ्यांच्या प्रत्ययास येईल.