आकाशातला आरसा आणि सूर्याची लहर

मुंबईहून कोलंबो सुमारे दीड हजार किलोमीटर दूर आहे. रेडिओलहरी प्रकाशाप्रमाणे सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी तर गोल आहे. या दोन शहरांना जोडणारी सरळ रेषा काढली, तर मध्यावर ती जमिनीखाली सुमारे ४५ किलोमीटर खोलीवरून जाईल. (हे गणित वर्गात विद्यार्थ्यांकडून अवश्य करून घ्यावे.) तरीही १९५० च्या दशकात रेडिओ सिलोनची गाणी महाराष्ट्रातल्या घराघरांत ऐकू येत. आवाज मधूनच चढे, मधूनच बुडे, पण येई. लघुलहरींचा, म्हणजेच शॉर्टवेव्हचा, हा प्रवास कसा घडतो आणि त्यात सूर्याचा वाटा किती, हे या लेखात आपण पाहू.

१९०१ च्या डिसेंबरात मार्कोनीने इंग्लंडमधून पाठवलेला संदेश अटलांटिकपलीकडे न्यूफाउंडलंडमध्ये ऐकू आल्याचे जाहीर केले. लहरी पृथ्वीची गोलाई ओलांडून गेल्या कशा? १९०२ मध्ये अमेरिकेत केनेली आणि इंग्लंडमध्ये हेविसाइड यांनी स्वतंत्रपणे एकच उत्तर सुचवले : उंचावर हवेचा एक विद्युतवाहक थर असला पाहिजे. १९२४ मध्ये ॲपलटन आणि बार्नेट यांनी प्रयोगाने या थराचे अस्तित्व दाखवले व त्याची उंची मोजली. ॲपलटन यांना १९४७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे कोलकात्यात शिशिरकुमार मित्र यांनी या विषयाचा पाया घातला. वरच्या वातावरणावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला.

या भागाला आपण आयनांबर म्हणतो. सूर्याकडून येणारे अतिनील किरण आणि क्ष-किरण विरळ हवेतील अणुरेणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे करतात. साधारण ६० ते ९० किलोमीटर उंचीवर ‘डी’ थर, त्याच्या वर ‘ई’ थर आणि दीडशे किलोमीटरच्या पुढे ‘एफ’ थर असतो. दूरच्या केंद्रांचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचतो तो मुख्यतः ‘एफ’ थरामुळे.

‘आकाशातला आरसा’ ही उपमा सोयीची असली तरी पूर्ण खरी नाही. लहर एखाद्या पृष्ठभागावर आदळून मागे फिरत नाही. ती वर जाताना इलेक्ट्रॉनांची दाटी वाढत जाते, त्यामुळे ती हळूहळू वाकते आणि शेवटी जमिनीकडे वळते. मृगजळात प्रकाशकिरण जसा वाकतो, तसाच हा प्रकार, फक्त उलट्या दिशेने. एकच लहर कमीअधिक लांबीच्या दोन-तीन वाटांनी येऊन पोहोचते. त्या एकमेकींना कधी बळ देतात, तर कधी मारक ठरतात. आवाज चढण्या-बुडण्याचे हे एक मोठे कारण आहे.

कोणती लहर परत येईल, हे इलेक्ट्रॉनांच्या संख्येवर ठरते. एका घनमीटरात एक लाख कोटी इलेक्ट्रॉन असतील, तर सरळ वर सोडलेली सुमारे ९ मेगाहर्ट्झपर्यंतची लहर परत येते. त्याहून जास्त कंप्रतेची लहर थर भेदून अवकाशात निघून जाते. हे नाते वर्गमुळाचे आहे. इलेक्ट्रॉन चौथ्या हिश्शावर आले, तर ही मर्यादा निम्मी, म्हणजे साडेचार मेगाहर्ट्झ होते. लहर तिरकी सोडली, तर याहून बऱ्याच वरच्या कंप्रतेपर्यंत काम भागते. म्हणूनच दूरच्या श्रोत्यांसाठी लहर क्षितिजाकडे झुकती पाठवतात.

आता सूर्याकडे वळू. सूर्यावर डाग वाढले की रेडिओ बिघडतो, अशी अनेकांची समजूत असते. ती चुकीची आहे. डाग स्वतः काळे दिसतात खरे, पण त्यांच्या परिसरातील तप्त वातावरणातून अतिनील आणि क्ष-किरण भरपूर बाहेर पडतात. डाग जास्त म्हणजे इलेक्ट्रॉन जास्त, आणि इलेक्ट्रॉन जास्त म्हणजे आरसा अधिक भक्कम. श्वाबे यांनी १८४३ मध्ये दाखवल्याप्रमाणे डागांची संख्या ठरावीक काळाने कमीजास्त होते. हे चक्र सुमारे ११ वर्षांचे असते. १९५७-५८ मध्ये डाग विक्रमी संख्येने दिसले, तेव्हा एरवी निरुपयोगी ठरणाऱ्या वरच्या कंप्रतांवरही दूरदूरचे संपर्क साधत. २०१९ च्या अखेरीस सूर्य अगदी शांत होता. २०२४ मध्ये त्याची सक्रियता पुन्हा शिगेला पोहोचली आणि १३ व १६ मीटरच्या पट्ट्यांना पुन्हा जाग आली.

मग सूर्यामुळे रेडिओ बंद कसा पडतो? याचे उत्तर ‘डी’ थरात आहे. तेथे हवा तुलनेने दाट असते. लहरीमुळे हलणारे इलेक्ट्रॉन सतत रेणूंवर आदळतात आणि लहरीची ऊर्जा उष्णतेत जिरून जाते. कंप्रता जितकी कमी, तितके हे शोषण अधिक. सूर्य मावळला की ‘डी’ थर जवळजवळ नाहीसा होतो, ‘एफ’ थर मात्र रात्रभर टिकतो. दुपारी मुक्या असलेल्या ४९ आणि ४१ मीटरच्या पट्ट्या संध्याकाळी बोलू लागतात, त्या यामुळेच.

सूर्यावर मोठी ज्वाला उसळली, की क्ष-किरणांचा लोंढा येऊन ‘डी’ थर एकाएकी दाट होतो. मग पृथ्वीच्या दिवस असलेल्या बाजूवर लघुलहरी काही मिनिटांत लुप्त होतात. कधी अर्धा तास, कधी काही तास. क्ष-किरण प्रकाशाच्याच वेगाने, सुमारे ८ मिनिटे २० सेकंदांत येतात. त्यामुळे ज्वाला दिसते तेव्हाच तिचा परिणामही सुरू झालेला असतो.

६ सप्टेंबर २०१७ रोजी नेमके असे घडले. ‘इर्मा’ चक्रीवादळ कॅरिबियन बेटांना झोडपत होते. वीज आणि टेलिफोन कोलमडलेल्या ठिकाणी लघुलहरींचे बिनतारी संच हाच आधार होता. त्याच दिवशी ‘एक्स ९.३’ प्रतीची सौरज्वाला उसळली आणि त्या भागातील लघुलहरींचा संपर्क खंडित झाला. चारच दिवसांनी, १० सप्टेंबरला, दुसऱ्या मोठ्या ज्वालेने तेच केले.

सूर्याचा तिसरा परिणाम सावकाश येतो. सौर किरीटातून कधीकधी अब्जावधी टन विद्युतभारित द्रव्य बाहेर फेकले जाते. ते पृथ्वीच्या दिशेने आले, तर साधारण एक ते तीन दिवसांत पोहोचते आणि चुंबकीय वादळ उठते. १०-११ मे २०२४ च्या वादळात लडाखमधील हान्ले येथूनही आकाशात तांबडी प्रभा टिपली गेली. अशा वादळात ‘एफ’ थरातील इलेक्ट्रॉन काही ठिकाणी वाढतात. पण पुष्कळ ठिकाणी ते घटतात आणि वरच्या कंप्रता निकामी होतात. हा परिणाम एक-दोन दिवसही टिकू शकतो.

यातून संच चालवणाऱ्याने लक्षात ठेवावा असा नियम मिळतो. ज्वालेमुळे आवाज गेला असेल, तर वरच्या कंप्रतेकडे जावे. कारण तेथे शोषण कमी असते आणि तेथील संपर्क आधी पूर्ववत होतो. चुंबकीय वादळामुळे ‘एफ’ थर क्षीण झाला असेल, तर खालच्या कंप्रतेकडे यावे. दोन्ही वेळी रेडिओ सारखाच गप्प होतो, उपाय मात्र उलटे आहेत. कारण न ओळखता नुसती खुंटी पिरगाळणाऱ्याचा मोलाचा वेळ वाया जातो आणि आपत्तीत तो कुणाच्या तरी जिवाचा असतो.

आता बरीच प्रसारण केंद्रे लघुलहरींवरून उठली आहेत. तरीही हौशी रेडिओचालक, जहाजे आणि समुद्रावरून उडणारी विमाने त्या अजून वापरतात. सूर्यावर पहाराही आहे. कोडाईकॅनालची वेधशाळा शतकाहून अधिक काळ त्याच्या नोंदी ठेवत आहे. २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेले भारताचे ‘आदित्य-एल१’ हे यान पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरून सूर्याचे निरीक्षण करण्यासाठी पाठवले आहे.

शाळेत जुना शॉर्टवेव्ह रेडिओ असेल, तर तो अडगळीत टाकू नये. एखादे दूरचे, नियमित लागणारे केंद्र निवडावे. महिनाभर दुपारी १ आणि रात्री ८ वाजता आवाज कसा येतो, त्याला शून्य ते पाच गुण द्यावेत आणि आलेख काढावा. त्याच कागदावर, भिंगातून सूर्याचे प्रतिबिंब पांढऱ्या पुठ्ठ्यावर घेऊन मोजलेल्या डागांची संख्या रोज मांडावी. भिंगातून किंवा नुसत्या डोळ्यांनी सूर्याकडे मात्र कधीही पाहू देऊ नये. महिनाभरात ११ वर्षांचे चक्र दिसणार नाही. पण दिवस आणि रात्र यांतला फरक स्पष्ट दिसेल, आणि एखाद्या दुपारी नेहमीचे केंद्र अचानक गायब झाले, तर विद्यार्थी आधी संच तपासतील आणि मग सूर्याची चौकशी करतील.