लेप्टोची गोळी, मलेरियाची गोळी आणि एक दुर्धर आजार

मुंबईत पाणी तुंबलं की लेप्टोच्या धास्तीने पालिकेचे दवाखाने डॉक्सीसायक्लिन देतात. मलेरियाच्या देशांत जाणारे प्रवासी प्रतिबंधासाठी हीच गोळी रोज घेतात. या जुन्या, स्वस्त औषधाचं नाव २०२१ साली पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या जन्मजात विकारांशी जोडलं गेलं. अमेरिकेतल्या डेना-फार्बर संस्थेतील पेरे पुइगसर्व्हर यांच्या गटाने असा दोष असलेल्या मानवी पेशींची उपासमार करून त्यांच्यावर ढीगभर रसायनं तपासली. पेशी तगवणाऱ्या रसायनांत टेट्रासायक्लिन गटातली औषधं निघाली. पुढे ली सिंड्रोम या मेंदू खंगवणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया-विकारासारखा आजार असलेल्या उंदरांना डॉक्सीसायक्लिन दिलं, तर ते अधिक जगले आणि त्यांच्या मेंदूतल्या चेतापेशींचं मरण आणि दाह बराचसा टळला.

यातलं कोडं असं, की हे औषध मायटोकॉन्ड्रियाला बळ देत नाही, उलट त्याचं काम मंद करतं. मायटोकॉन्ड्रिया प्राचीन जिवाणूंचे वंशज, त्यामुळे त्यांची प्रथिनं घडवणारी यंत्रणा जिवाणूंसारखीच. जंतूंची ती यंत्रणा रोखणारं औषध आपल्या पेशींतही थोडा अडथळा आणतं. मग आधीच अधू असलेल्याला आणखी आवळून फायदा कसा? संशोधकांच्या मते हा अडथळा अर्धवट असतो आणि त्या सौम्य ताणाने पेशी बचावाला सज्ज होते. हे मला पटतं, कारण २०१६ मध्ये वंशी मूथा यांच्या गटाने याच जातीच्या उंदरांना फक्त ११ टक्के ऑक्सिजनच्या हवेत ठेवलं, तेव्हा ऊर्जेसाठी लागणारा ऑक्सिजन घटूनही ते जास्त जगले. म्हणजे ऊर्जेचा तुटवडा हे एकच दुखणं नव्हे. त्यामागून मेंदूत पेटणारा दाहही तितकाच घातक असावा, आणि उपचार तिथेही शोधायला हवा.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हा आक्षेप रास्तच आहे. शिवाय ली सिंड्रोम बहुधा तान्ह्या वयातच दिसतो आणि आठ वर्षांखालील मुलांच्या दातांवर टेट्रासायक्लिनचे कायमचे डाग पडू शकतात. महिनोन्‌महिने प्रतिजैविक दिल्याने औषधाला न जुमानणारे जंतू वाढतील, ही भीतीही खरी. मायटोकॉन्ड्रियाच्या एका विशिष्ट दोषात जेंटामायसिनसारखं दुसऱ्या गटातलं प्रतिजैविक बहिरेपणा आणतं, म्हणजे या रुग्णांत प्रतिजैविक जपूनच वापरावं लागतं; म्हणून आईवडिलांनी ही गोळी परस्पर मुळीच सुरू करू नये. पण या अडचणींमुळे संशोधन सोडून देणं मला मान्य नाही, कारण आज या मुलांसाठी रोग बरा करणारा उपाय नाही. पेटंट संपलेल्या गोळीच्या चाचण्यांत कंपन्यांना नफा नाही, त्यामुळे हा खर्च सरकारी संशोधन संस्थांनीच उचलायला हवा.