डीव्हीडीचा भाव सांगण्याआधी मिनिटं विचारा

व्हिडिओत बिटरेटचं गणित जरा भराभर झालं, म्हणून इथे नीट लिहून देतेय. पेन ड्राइव्हवरच्या एमपी४ची डीव्हीडी करून देणं हे छोटं काम आहे, पण भाव चुकला की नफा गेलाच.

समजा, कल्याणच्या आचार्य अत्रे रंगमंदिरात डान्स क्लासचा कार्यक्रम झाला. क्लासच्या ताई विचारतात, "तीस डीव्हीडींचे किती?" आपण लगेच आकडा सांगून मोकळे. नंतर कळतं, कार्यक्रम तीन तासांचा आहे!

गणित असं

बिटरेट म्हणजे एका सेकंदाच्या व्हिडिओला डिस्कवर मिळणारी जागा. साध्या डिस्कवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं. कॉम्प्युटर तीच जागा ४.३७ दाखवतो, घाबरू नका, मोजायची पद्धत वेगळी आहे. थोडी जागा मोकळी ठेवून माझं सोपं सूत्र:

६०० भागिले मिनिटं = एकूण बिटरेट (एमबीपीएस). त्यातून आवाजाचे ०.२ वजा करा.

- ९० मिनिटं: साधारण ६.४
- १२० मिनिटं: ४.८
- १८० मिनिटं: ३.१

६० मिनिटांना उत्तर ९.८ येतं. डीव्हीडीची व्हिडिओसाठीची कमाल मर्यादा तेवढीच आहे, पण मी ८ च्या वर जात नाही. सुरुवातीला ९.५ ठेवायचे. दुकानात झकास चालायचं. डोंबिवलीच्या एका काकूंच्या जुन्या प्लेयरवर मात्र ऐन मंगलाष्टकांत चित्र अडकलं. डिस्क फुकट पुन्हा करून दिली, वर नाव गेलं ते वेगळंच.

मूळ फाइलचा बिटरेट तसाच घेऊ नका

मोबाइलची फाइल बहुतेक वेळा एच.२६४ मध्ये असते, डीव्हीडीला एमपीईजी-२ लागतं. ही जुनी पद्धत तेवढ्याच दर्जासाठी जास्त जागा खाते. म्हणून मूळ २ असेल तर डीव्हीडीलाही २ ठेवून चालत नाही. उलट, व्हॉट्सॲपवरून आलेली धूसर क्लिप ८ वर टाकली म्हणून ती स्पष्ट होत नाही. गेलेला तपशील परत येत नसतो.

तीन तासांचं काय करायचं?

व्याख्यान असेल, माणूस एका जागी उभा असेल, तर ३.१ चालून जातं. पण नाचात लाइट्स, घागरे, धावपळ; तिथे चित्राचे चौकोन दिसायला लागतात. तेव्हा सरळ दोन डिस्क करा, मध्यंतरापाशी तोडा. प्रत्येकीला ६.४ मिळेल. सॉफ्टवेअरमध्ये "टू-पास व्हीबीआर" असेल तर तेच निवडा. वेळ जास्त लागतो, पण नाचाला जागा जास्त आणि भाषणाला कमी, अशी वाटणी ते स्वतः करतं.

आता हिशेब बघा. तीस सेट म्हणजे साठ डिस्क, साठ वेळा बर्निंग, डबल कव्हर. भाव तीसचा सांगितला असेल तर बाकीच्या तीस तुमच्या खिशातून!

म्हणून गिऱ्हाईक आलं की आधी तीन प्रश्न: किती मिनिटं? नाच की भाषण? कुठल्या प्लेयरवर बघणार? मग भाव. आणि एक डिस्क त्यांच्याच प्लेयरवर चालवून बघायला द्या. होकार आला की मगच बाकीच्या काढा.