मोटारीचे दिवे आंधळे कां होतात ?



माणसाच्या डोळ्यांना मोतीबिंदू होतो हें आपण सर्व जाणतों. मोटारीच्या डोळ्यांनाही तो होतो, हें मला साठी उलटल्यावर कळलें. आणि तेंही सुखासुखी कळलें नाहीं. मी व्यवसायानें शिक्षक, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. यंत्रविद्येचा अधिकारी म्हणून मी आज बोलत नाहीं. जी चूक माझ्या हातून झाली ती आपल्या हातून होऊं नये, एवढ्याचसाठीं हा विषय निवडला आहे.

आमचें परतूर हें जालना जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. भोंवतालीं काळी जमीन, कापूस आणि अलीकडे ऊंसही. हिंवाळा लागला कीं ऊंस वाहणारे ट्रॅक्टर रात्रंदिवस रस्त्यावर असतात. अशाच एका पौष महिन्यांत आम्ही उभयतां मंठ्याहून एका लग्नाचें जेवण आटोपून परत येत होतों. रात्रीचे नऊ वाजले असतील. मुलानें वापरून मला दिलेली अकरा वर्षांची जुनी मोटार मी स्वतः चालवीत होतों. वेग ताशीं चाळीस किलोमीटर. एकाएकीं चाकाखालीं दगड खडखडला. मीं ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हां समोर हात-दीड हातावर उसानें भरलेली ट्रॉली उभी होती. तिचें चाक बसलें होतें, आणि रिवाजाप्रमाणें मागें दगड मांडून ठेवले होते. त्या दगडांनीं आम्हांला वांचविलें. पत्नी एवढेंच म्हणाली, "अहो, तुम्हांला दिसलीच नाहीं का ?"

खरोखरच दिसली नव्हती. साहजिकच मीं दोष स्वतःच्या दृष्टीकडे घेतला आणि जालन्यास जाऊन डोळे तपासून आणले. डोळे निर्दोष निघाले. मग बल्ब बदलले. तरी उजेड होता तेवढाच. शेवटीं माझा एक जुना विद्यार्थी, जो आतां गॅरेज चालवितो, त्याच्याकडे गेलों. त्यानें दिव्यावरून बोट फिरविलें आणि म्हणाला, "गुरुजी, बल्बचा दोष नाहीं. कांच पिकली आहे."

ही 'कांच' वस्तुतः कांच नसते, हा या विषयांतील पहिला धडा. पूर्वींच्या मोटारींना खरी कांच असे. १९५७ पासून २०१४ पर्यंत निघालेली अँबॅसेडर आठवा. तिच्या वाटोळ्या दिव्यांची कांच फुटे, पण पिवळी पडत नसे. अमेरिकेंत तर १९४० च्या सुमारास तार, आरसा आणि कांच एकत्र बंद केलेला दिवा सुरू झाला. तो विझला कीं संपूर्ण दिवाच नवा बसे, म्हणून जुन्या कांचेचा प्रश्न उद्भवत नसे. इकडे १९५३ सालीं जर्मनींत बायर कंपनीचे हेर्मान श्नेल आणि अमेरिकेंत जनरल इलेक्ट्रिकचे डॅनियल फॉक्स यांनीं, एकमेकांस ठाऊक नसतां, एक नवें पारदर्शक प्लॅस्टिक तयार केलें. त्याचें नांव पॉलिकार्बोनेट. तें वजनानें कांचेच्या सुमारें निम्मे, हातोडीच्या घावासही सहसा न फुटणारें आणि हवा तो आकार घेणारें. अमेरिकेनें १९८३ मध्यें अशा प्लॅस्टिकच्या दिव्यांस परवानगी दिली आणि पुढें जगभर तेच रूढ झाले. आपल्या दारांतील बहुतेक मोटारींचे दिवे आज याच पदार्थाचे आहेत.

परंतु या गुणी पदार्थांत दोन उणिवा आहेत. एक, तो मऊ असल्यामुळें त्यावर लवकर ओरखडे पडतात. दुसरी, सूर्यप्रकाशांतील डोळ्यांना न दिसणारे जंबुपार किरण त्याच्या रेणूंची रचना बदलतात आणि तो पिवळा पडतो. म्हणून कारखान्यांतच त्यावर एक अत्यंत पातळ, कठीण व पारदर्शक लेप चढविलेला असतो. हा लेप म्हणजे दिव्याचें कवच. तें शाबूत आहे तोंवर दिवा शाबूत. पण उन्हाळ्यांतील आमच्याकडचें ऊन, मुरमाच्या रस्त्यावरील धूळ, पुढच्या वाहनाच्या चाकांतून उडणारे खडे आणि कोरड्या फडक्यानें दिवा पुसण्याची आपली संवय, यांनीं हें कवच हळूहळू झिजतें, तडकतें व सोलून निघतें. माझ्या मोटारीचा एक दिवा लिंबाच्या सावलींत असे आणि दुसरा दुपारभर उन्हांत. उन्हांतला दिवा अधिक पिवळा होता. कारण शोधावयास मला दूर जावें लागलें नाहीं.

आतां कोणी म्हणेल, थोडी कांच धुरकट झाली तर बिघडलें कोठें ? येथें थोडें गणित करूं. ताशीं साठ किलोमीटर वेगानें जाणारी मोटार एका सेकंदांत जवळजवळ १७ मीटर जाते. अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर २५ मीटर तेथेंच गेले. पुढें कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्यावरही गाडी थांबावयास आणखी सुमारें २२ मीटर लागतात. एकूण झाले ४७ मीटर. चांगल्या दिव्याच्या 'डिप्पर'मध्यें काळपट वस्तु साधारण ६० मीटरांवर दिसते असें धरा. म्हणजे हातांत १३ मीटर शिल्लक राहिले.

आतां दिव्याचा प्रकाश चौथ्या हिश्शावर आला असें समजा. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत कमी होतो, हें शाळेंत शिकलेलें आठवत असेल. त्या नियमानें चतुर्थांश प्रकाशांत तीच वस्तु निम्म्या अंतरावर, म्हणजे ३० मीटरांवर दिसेल. थांबावयास ४७ मीटर हवेत आणि दिसतें ३० मीटरांवर ! चाळीसच्या वेगांत थांबण्यास सुमारें २६ मीटर लागतात. त्या रात्रीं मी साठच्या वेगानें असतों, तर हें भाषण करावयास उरलों नसतों.

चौथा हिस्सा ही अतिशयोक्ति नव्हे. अमेरिकेंतील मोटारचालकांच्या ए. ए. ए. या संस्थेनें २०१८ मध्यें जीर्ण दिव्यांची परीक्षा केली. त्यांचा प्रकाश नव्या दिव्याच्या सुमारें एक-पंचमांश इतका उतरलेला आढळला. शिवाय नुकसान एकपदरी नाहीं. जो प्रकाश रस्त्यावर पोंचत नाहीं तो नाहींसा होत नाहीं. धुरकट पृष्ठभागावर विखुरून तो वर आणि आजूबाजूस जातो व समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवितो. म्हणजे आपण स्वतः आंधळे होऊन दुसऱ्यासही आंधळें करतों.

यावर उपाय करण्यापूर्वीं निदान केलें पाहिजे. तें अगदीं सोपें आहे. दिवा स्वच्छ धुवा आणि ओला असतांनाच पाहा. ओलेपणीं कांच लख्ख दिसली आणि वाळल्यावर पुन्हां धुरकट झाली, तर दोष बाहेरच्या पृष्ठभागावर आहे व तो घांसून जाईल. न्हाणीघराच्या खिडकीची खरबरीत कांच पाण्यानें भिजली कीं तिच्यांतून पलीकडचें दिसूं लागतें, तोच हा प्रकार. पाणी खांचखळग्यांत भरतें आणि प्रकाश विखुरणें कमी होतें. ओलें केल्यावरही धूसरपणा गेला नाहीं, कांचेच्या आंत बारीक तडे असले, आंत पाण्याचे थेंब सांचत असले, किंवा मागील चकचकीत वाटी काळवंडली असली, तर घांसून उपयोग नाहीं. तो दिवाच बदलावा लागतो.

घांसण्याचें काम थंड दिव्यावर आणि सावलींत करावें. दिव्याभोंवतालच्या रंगावर कागदी चिकटपट्टी लावून घ्यावी. नंतर पाण्याचा पॉलिश पेपर भरपूर पाणी घालून चालवावा. लेपाचे पापुद्रे निघत असल्यास आरंभ ८०० नंबरानें करावा, नुसती पिवळट झांक असल्यास १००० नें. मग क्रमानें १५००, २००० आणि ३०००. नंबर वाढतो तसा कागद बारीक होतो. एका कागदानें आडवें घांसावें, दुसऱ्यानें उभें. म्हणजे आधींचे ओरखडे गेले कीं नाहीं तें कळतें. प्रथम पिवळट पाणी वाहतें, तो जुना लेप होय. पाणी पांढरें येऊं लागलें कीं पुढचा कागद घ्यावा. या वेळीं दिवा दुधी दिसतो आणि माणूस घाबरतो. मीही घाबरलों होतों. माझा विद्यार्थी हंसून म्हणाला, "गुरुजी, गणित अर्धें झाल्यावर उत्तर पाहूं नये, हें तुम्हींच शिकविलें होतें." शेवटीं रबिंगचा मलम मऊ कापडानें घोळला कीं दिवा स्वच्छ होतो.

पुष्कळ लोक येथेंच थांबतात, आणि हीच मोठी चूक. आपण घांसून मळ काढला, तसेंच कारखान्यांतील कवचही काढलें. उघडें पॉलिकार्बोनेट उन्हांत ठेवलें तर कांहीं महिन्यांत पूर्वींहून वाईट होतें. म्हणून जंबुपार किरण अडविणारा पारदर्शक लेप त्यावर त्याच दिवशीं चढविलाच पाहिजे. असा लेप चांगला असल्यास साधारण एक-दोन वर्षें टिकतो; नंतर पुन्हां द्यावा लागतो. गॅरेजवाल्यास पहिला प्रश्न हाच विचारावा : "घांसल्यावर वर काय लावणार ?" उत्तर समाधानकारक नसेल तर गाडी परत आणावी.

घरगुती तोडग्यांविषयीं दोन शब्द. टूथपेस्टनें दिवा उजळतो हें खरें, कारण तिच्यांत सौम्य घांसणारी भुकटी असते. विद्यार्थ्याकडे जाण्याच्या आधीं मींही तो प्रयोग एकदां केला होता. तेज दीड महिन्यांत ओसरलें. पण डास पळविण्याचें औषध, पेट्रोल किंवा नखांचा रंग काढण्याचें द्रव्य यांनीं दिवा कधींही पुसूं नये. यांतील कांहीं द्रव्यें पृष्ठभाग मऊ करून क्षणभर चकाकी आणतात, परंतु मागून त्यांत सूक्ष्म तडे जातात आणि दिवा कायमचा वांया जातो. अधिक शक्तीचा बल्ब बसविणें हाही उपाय नव्हे. सामान्य हॅलोजन बल्ब ६० व ५५ वॅटचा असतो. त्याहून फार मोठा बसविल्यास उष्णतेनें वाटी जळते, वायरी तापतात, आणि धुरकट कांचेंतून दुसऱ्याच्या डोळ्यांत जाणारा झोत तेवढा वाढतो.

दिवा घांसावा कीं बदलावा ? वर सांगितलेल्या परीक्षेंत घांसून लेप दिलेल्या दिव्यांस नव्याच्या सुमारें ७० टक्के प्रकाश परत मिळाला. मूळ कंपनीच्या नव्या दिव्यांस पूर्ण मिळाला. आणि इतरांनीं बनविलेल्या नकली दिव्यांस ८३ ते ९० टक्के. मात्र नकली दिव्यांचा झोत ठरलेल्या जागीं न पडण्याचा दोष अधिक आढळला. म्हणून सौम्य दोष असेल तर घांसणें काटकसरीचें. तडे, पाणी वा काळवंडलेली वाटी असेल तर मूळ कंपनीचा दिवा, आणि तो शक्य तों जोडीनें. घेतांना एक पाहावें. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूनें जातों, म्हणून आपल्या डिप्परचा झोत डावीकडे किंचित् वर चढतो. उजवीकडून वाहनें चालविणाऱ्या देशांसाठीं केलेला दिवा चुकून बसला, तर तो वरचा झोत नेमका समोरच्याच्या डोळ्यांवर जातो.

दिवा बसविल्यावर नेम तपासणें विसरूं नये. सपाट जागीं, भिंतीपासून दहा मीटरांवर गाडी उभी करावी. दिव्याच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर खडूनें रेघ ओढावी. डिप्पर लावल्यावर उजेडाची वरची कड त्या रेघेच्या सुमारें दहा सेंटिमीटर किंवा थोडी अधिक खालीं पडली पाहिजे. हें काम शाळेंतील मुलगाही करूं शकेल.

कोणी विचारील, हें पाहणें सरकारचें काम नव्हे काय ? नवे दिवे बाजारांत येण्यापूर्वीं तपासले जातात. १९६६ सालीं स्थापन झालेली पुण्याची ए. आर. ए. आय. ही संस्था अशा परीक्षा करते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनीं सूर्यास्तानंतर अर्ध्या तासानें दिवे लावणें बंधनकारक केलें आहे. आणि १५५ मीटरांवरील माणूस वा वाहन स्पष्ट दिसण्याइतका उजेड नसेल, तर इतर वेळींही. परंतु खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. दिवा त्याच्या कितीतरी आधीं पिकतो. मधल्या काळांत त्याच्याकडे पाहणारा अधिकारी एकच, आणि तो म्हणजे मालक.

तेव्हां माझी सूचना इतकीच. दसऱ्यास आपण मोटार धुतों, तिला झेंडूची माळ घालतों, पूजा करतों. त्याच दिवशीं दिवे ओले असतांना एकदां व वाळल्यावर एकदां पाहावे, आणि रात्रीं भिंतीवरची रेघ तपासावी. अर्ध्या तासाचें काम आहे. दसऱ्यानंतर थोड्याच दिवसांत उसाच्या गाड्या रस्त्यावर येतात. त्यांच्या मागें लाल दिवा असेलच असें नाहीं, आणि प्रत्येक वेळीं कोणी दगड मांडून ठेवील असेंही नाहीं.